गुलाबाचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं: घरच्या गुलाबाची लागवड, छाटणी आणि निगा

नर्सरीतून आणलेला गुलाब पहिले दोन महिने भरभरून फुलतो. पावसाळ्यात त्याची पानं झडतात. पुढच्या उन्हाळ्यात उंच, काटकुळ्या फांदीच्या टोकाला एखादं बारकं फूल येतं, आणि मग "आमच्याकडे गुलाब जगतच नाही" असं म्हणून ती कुंडी जिन्याखाली जाऊन बसते. पुण्यात गेली अठरा वर्षं मी गच्चीवर आणि घराच्या मागच्या चिंचोळ्या पट्ट्यात गुलाब लावते आहे, आणि अशा कितीतरी कुंड्या लोकांनी मला आणून दाखवल्यात. बहुतेक वेळा झाड धडधाकट असतं, फक्त त्याची ऑक्टोबरची छाटणी कुणी केलेली नसते.

थंड देशांत गुलाबाला हिवाळा झोपवतो. पानं गळतात, रस थांबतो आणि कडाका सरता सरता, फेब्रुवारी-मार्चला तिथले लोक छाटणी करतात. लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी तेच वेळापत्रक पाळावं. आपल्याकडे तशी थंडी नाही, त्यामुळे झाड वर्षभर थोडं थोडं वाढत राहतं आणि थकतं. त्याला विश्रांती आपण द्यायची असते. पाऊस संपला की पाणी तोडून, मग फांद्या छाटून. त्यानंतरची नवी फूट आपल्या सुखद थंडीत वाढते आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात फुलं अशी येतात की ती आपल्याच झाडाची आहेत यावर विश्वास बसत नाही. बाकीची सगळी कामं या एका गोष्टीभोवती लावून घ्या.

जागा आणि जात

रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन मिळत नसेल तर गुलाबाच्या वाटेला जाऊ नका. हे स्पष्टच सांगते, कारण उत्तरेकडच्या बाल्कनीत गुलाब ठेवून वर्षभर खतं बदलत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. पूर्वेचं ऊन सर्वांत चांगलं, कारण पानांवरचं दव सकाळीच वाळतं आणि बुरशीला कमी वाव मिळतो. फक्त पश्चिमेचं ऊन असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारी हिरवी जाळी लावावी लागेल.

जातींची नावं शेकड्यांनी आहेत, पण आधी प्रकार समजून घ्या. लांब दांड्यावर एकेक मोठं फूल येणारे ते हायब्रिड टी. घोसाने फुलणारे ते फ्लोरिबंडा. त्याशिवाय बुटके मिनिएचर आणि कमानीवर चढणारे वेल गुलाब. पहिल्यांदा लावत असाल तर एक फ्लोरिबंडा घ्याच. 'आइसबर्ग' हा पांढरा गुलाब चुका पोटात घालतो, काटेही कमी. हायब्रिड टीमध्ये 'ग्लॅडिएटर' आपल्या महाराष्ट्रात शेतकरी उघड्या रानात लावत आले आहेत, यातच त्याचा काटकपणा कळतो. गुलाबी 'क्वीन एलिझाबेथ' उंच होतो, त्याला मागच्या रांगेत जागा द्या. 'डबल डिलाइट' मात्र जरा अनुभव आल्यावर आणा. मलईसारख्या पाकळ्यांची कड लाल, ऊन लागेल तशी लाली वाढत जाते, वास तर घरभर. पण भुरी (पानांवर पिठासारखी चढणारी बुरशी) त्याला पटकन धरते.

आपल्या देशात तयार झालेल्या जातींकडे लोकांचं लक्ष जात नाही याचं मला वाईट वाटतं. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बी. पी. पाल हे गव्हाचे मोठे शास्त्रज्ञ, पण गुलाबावर त्यांचा जीव होता. पांढरा 'डॉ. होमी भाभा' आणि गुलाबी घोसांचा 'दिल्ली प्रिन्सेस' हे त्यांनीच तयार केलेले. नर्सरीत नावानिशी मागा. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे फुलं प्रत्यक्ष पाहून, नावं वहीत टिपून घ्यावीत. मोबाइलवरच्या फोटोत रंग फसवतो.

आणि गावठी गुलाब. हलका गुलाबी, विसविशीत पाकळ्यांचा, देवाच्या तबकातला. फुलदाणीत एक दिवसही टिकत नाही, पण गुलकंद करावा तर याचाच. याचं कलम करावं लागत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर फांदीचे तुकडे करून दोन डोळे (फूट येते ते फुगवटे) मातीत आणि दोन-तीन वर राहतील असे सावलीत खोचले की त्यातले निम्मे तरी धरतात. बटाट्यात काडी खोचून गुलाब लावण्याचे व्हिडिओ खूप फिरतात. बटाटा कुजतो आणि बहुतेक वेळा काडीही सोबत नेतो. साधी भुसभुशीत माती पुरे.

रोप निवडताना

पुण्याजवळ सोलापूर रस्त्यावर, उरुळी कांचन-सोरतापवाडीच्या बाजूला, नर्सऱ्यांची रांगच आहे. तिथे गेलात की फुलं मोजू नका, खाली वाका आणि बुंधा पाहा. आपण घेतो तो गुलाब दोन झाडांचा मिळून झालेला असतो. खाली जंगली गुलाबाचा खुंट, त्यावर हव्या त्या जातीचा डोळा भरलेला. तो सांधा गाठीसारखा फुगीर दिसतो. त्या गाठीतून दोन-तीन जाडजूड फांद्या वेगवेगळ्या दिशांना निघालेल्या असाव्यात. एकच फांदी सरळ वर गेली असेल तर रोप कितीही फुललेलं असो, ठेवून द्या.

गाठीला प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली दिसली तर घरी आणल्यावर ब्लेडने हलकेच कापून काढा. एकदा मी ती पाहिलीच नाही. वर्षभराने वादळी पावसात अख्खं झाड त्या जागी काडीसारखं मोडलं. पट्टी सालीत रुतून आत खाच पडली होती.

कुंडी, माती, लागवड

हायब्रिड टीला निदान १२ इंची कुंडी, मिनिएचरला ८ इंची चालते. मातीची कुंडी मला सर्वांत आवडते, पण गच्चीवरचं वजन पाहता प्लास्टिकची किंवा कापडी पिशवीही चालेल. तळाला भोकं चार-पाच हवीत. त्यांवर खापराचे तुकडे उपडे ठेवा आणि कुंडी दोन विटांवर चढवा, म्हणजे पाणी निघून जाईल आणि उन्हाळ्यात तापलेल्या स्लॅबचा चटका मुळांना लागणार नाही.

मातीचं माझं प्रमाण असं: दोन घमेली लाल पोयटा माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं कोकोपीट किंवा भाताचं तूस. १२ इंची कुंडीला यात दोन मुठी निंबोळी पेंड आणि एक मूठ हाडांचा चुरा मिसळायचा. मिश्रण मुठीत दाबलं तर लाडू व्हावा आणि बोटाने टोचलं तर फुटावा. निव्वळ काळी माती कुंडीत भरू नका. ओली असली की चिखल, वाळली की भेगा, दोन्हीत मुळं गुदमरतात. ताजं शेण तर कधीच नको, त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते.

जमिनीत लावणार असाल तर दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, आठवडाभर उन्हात तापू द्या, मग असंच मिश्रण भरा. दोन झाडांत अडीच फूट अंतर ठेवा. काळ्या रानात खड्ड्याच्या तळाशी विटांचे तुकडे घाला आणि झाड किंचित उंचवट्यावर लावा.

लागवड संध्याकाळी करावी. पिशवी बाजूने कापा, मातीची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा गोळा, फुटू देऊ नका. फक्त गोळा दगडासारखा चिकणमातीचा असेल तर बादलीत दहा मिनिटं बुडवून बाहेरची माती हलकी करून घ्या. कलमाची गाठ मातीच्या वर दोन बोटं राहिली पाहिजे. कडेने माती दाबून बसवा, काठापर्यंत दीड-दोन इंच जागा पाण्यासाठी सोडा, भरपूर पाणी द्या आणि आठवडाभर कुंडी सावलीत ठेवा. मग हळूहळू उन्हात. आलेल्या कळ्या या काळात खुडून टाका. जीवावर येतं, पण झाडाला आधी मुळं धरू द्यावीत.

पाणी

गुलाब तहानेने मरतात त्यापेक्षा जास्त पाण्याने मरतात. बोट दोन पेरं मातीत घालून पाहा, कोरडं लागलं तरच पाणी द्या. कुंडीला हिवाळ्यात एक दिवसाआड, मार्चपासून रोज, मेमध्ये कधी दोनदा, असं साधारण होतं. दिलं की तळातून बाहेर येईपर्यंत द्या, वरवर शिंपडू नका. झारीचं तोंड बुंध्याशी, पानांवर नाही. संध्याकाळी पानं भिजवली तर रात्रभर ओली राहतात, आणि पानांवरच्या काळ्या ठिपक्यांच्या रोगाला तेवढंच हवं असतं.

बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर कुंडीच्या काठावर पांढरी खपली चढते. नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या दिसू लागल्या, की झाडाला लोह मिळत नाही असं समजावं. महिन्यातून एकदा साध्या नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने कुंडी धुऊन निघेल इतकं पाणी सोडा आणि चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) पाकिटावरच्या प्रमाणात द्या. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर कारण वेगळं, तिथे आधी निचरा तपासा.

ऑक्टोबरची छाटणी

परतीचा पाऊस सरला, आकाश स्वच्छ झालं आणि दुपारी ऑक्टोबरचं ऊन टोचू लागलं, की तयारीला लागायचं. घाटमाथ्यावर आणि देशावर साधारण १० ते २० ऑक्टोबर. कोकण-गोव्यात पाऊस रेंगाळला तर आणखी आठवडा थांबा. ओल्या हवेत छाटलेली फांदी टोकाकडून काळी पडत खाली येते.

छाटणीआधी झाडाला ताण द्यावा लागतो. जमिनीतल्या झाडाचं पाणी आठ-दहा दिवस तोडा. कुंडीला इतका ताण सोसत नाही, तिथे पाणी निम्म्यावर आणून चार-पाच दिवस पुरेत. पानं मलूल होतील, काही गळतील. घाबरू नका.

सिकेटर, म्हणजे छाटणीची खास कात्री, धारदार हवं. भाजीच्या सुरीने किंवा साध्या कात्रीने फांदी चेचते आणि तिथूनच रोग शिरतो. पाती स्पिरिटने पुसून घ्या, प्रत्येक झाडानंतर पुन्हा पुसा. मग झाडासमोर खाली बसा आणि दोन मिनिटं नुसतं पाहा. आधी वाळलेल्या फांद्या बुंध्यापासून काढा. मग काडेपेटीच्या काडीएवढ्या बारीक, मग एकमेकींवर घासणाऱ्या आणि झाडाच्या पोटात शिरणाऱ्या. शेवटी चार-पाच निरोगी, हिरव्या, बोटाएवढ्या जाड फांद्या उराव्यात, मधून मोकळ्या, उघड्या ओंजळीसारख्या. हायब्रिड टीच्या या फांद्या जमिनीपासून दीड फुटांवर छाटा, कुंडीत फूटभर उंचीवरही चालतं. फ्लोरिबंडाचा वरचा तिसरा हिस्सा तेवढा काढा. वेल गुलाबाला असं खाली आणू नका, त्याच्या जुन्या, वाळक्या फांद्या काढून नव्या लांब फांद्या आडव्या बांधा, आडव्या फांदीला डोळ्याडोळ्याला फूल येतं.

काप कुठे घ्यायचा ते नीट पाहा. पान जिथे फांदीला चिकटलेलं असतं तिथे तांदळाच्या दाण्याएवढा तांबूस फुगवटा दिसतो, तो डोळा. झाडाच्या बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधा, त्याच्या पाव इंच वर तिरका काप घ्या, उतार डोळ्याच्या उलट दिशेला. म्हणजे पाणी डोळ्यावर साचत नाही. कापाच्या मध्यभागी पाहा. पांढरट-हिरवट असेल तर फांदी निरोगी, तपकिरी ठिपका दिसला तर तो नाहीसा होईपर्यंत आणखी खाली या.

लगेच कापांवर बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना अर्ध्या लिटरमध्ये, वेगवेगळे प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचं. दोन-चार झाडांसाठी हा खटाटोप नको असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पावडर थोड्या पाण्यात कालवून ब्रशने लावा. गळलेली सगळी पानं वेचून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको.

नंतर कुंडीतली वरची तीन बोटं माती खुरपीने काढा आणि तिच्या जागी दोन ओंजळी शेणखत, एक मूठ निंबोळी पेंड, दोन चमचे हाडांचा चुरा भरा. आता भरपूर पाणी. जुने माळी जमिनीतल्या झाडांची मुळं आठवडाभर उघडी पाडून ठेवत. मी ते करत नाही. पाणी तोडल्याने तेच साधतं आणि मुळांना इजा होत नाही.

दहा-बारा दिवसांत डोळे फुगतात आणि लालसर, तुकतुकीत फूट बाहेर येते. सकाळच्या उन्हात ती काचेसारखी दिसते. सगळ्या वर्षातली माझी ही सर्वांत आवडती वेळ. छाटणीपासून ४५ ते ५५ दिवसांत पहिलं फूल. म्हणजे मुलीच्या लग्नाला, नाताळला फुलं हवी असतील तर उलटे दिवस मोजून छाटणीची तारीख ठरवता येते.

खत

फूट वीतभर झाली की दर पंधरा दिवसांनी पातळ खत. शेंगदाणा पेंड १०० ग्रॅम एक लिटर पाण्यात पाच दिवस भिजवायची, रोज ढवळायची, गाळून दहापट पाणी घालायचं आणि प्रत्येक कुंडीला अर्धा लिटर द्यायचं. वास येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. ते नको असेल तर १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं रासायनिक खत लिटरमागे दोन ग्रॅम. दोन्हींच्या आधी माती ओली हवी. कळीला रंग दिसला की थांबा. चहाचा चोथा घालणार असाल तर दूध-साखर निघेपर्यंत धुऊन वाळवून घाला, नाहीतर मुंग्या येतात आणि त्यांच्यामागोमाग मावा. अंड्याची टरफलं कुजायला फार काळ लागतो, त्यांच्या भरवशावर राहू नका.

जंगली फूट

माझा पहिला 'पीस' जातीचा गुलाब मी जंगली फूट न ओळखल्यामुळे घालवला. एका पावसाळ्यात त्याच्या बुडातून दोन फांद्या आल्या आणि महिन्याभरात माझ्या डोक्यावर गेल्या. हिरवीगार, बारीक पानं, अंगभर टोकदार काटे. मी रोज कौतुकाने पाहत होते, खत दुप्पट केलं होतं. तीन महिन्यांनी सोसायटीचे माळीकाका सहज गच्चीवर आले. त्यांनी खाली बसून माती बाजूला केली, बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, हे तुमचं गुलाब नाही. गाठीच्या खालून आलंय, खुंटाचं आहे. तुमचं झाड ते बघा," आणि कडेला वाळलेल्या दोन काड्या दाखवल्या.

फूट आली की ती गाठीच्या वरून आहे की खालून, एवढंच पाहायचं. एका देठावर पाच पानं म्हणजे खरा गुलाब आणि सात म्हणजे जंगली, असं लोक सांगतात, त्यावर जाऊ नका, चांगल्या जातींनाही सात पर्णिका (एका देठावरची छोटी पानं) येतात. खालची असेल तर माती उकरून ती जिथून निघाली तिथूनच खाली ओढून उपटून काढा. वरच्यावर कापली तर एकाच्या चार होतात. गाठीतून किंवा तिच्या वरून जाडजूड, तांबूस फूट आली तर ते मात्र भाग्य, पुढची तीन-चार वर्षं तीच झाडाला नवं ठेवते.

रोग आणि किडी

फेब्रुवारीपासून कळ्या अर्धवट उमलून पाकळ्यांच्या कडा करपल्यासारख्या दिसल्या तर ते फुलकिडे. कळी पांढऱ्या कागदावर झटका, सुईच्या टोकाएवढे पिवळे-तपकिरी जीव धावताना दिसतील. उन्हाळ्यात पानं निस्तेज, खालून धुळकट आणि बारीक जाळी असेल तर लाल कोळी. त्यावर सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा, सलग चार दिवस. पानं दुपारपर्यंत वाळतात, म्हणून तेवढ्यापुरता पानं न भिजवण्याचा नियम मोडायचा. मावा बोटांनी पुसून निघतो. या सगळ्यांसाठी लिटरला पाच मिली निंबोळी तेल, त्यात थोडा साबण, संध्याकाळी, आठवड्याने पुन्हा.

थंडीत पानांवर पिठासारखी भुरी आली तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, मात्र कडक उन्हाळ्यात नको, पानं भाजतात. पावसाळ्यातल्या काळ्या ठिपक्यांसाठी ठिपक्यांची पानं वेचायची आणि उघडीप मिळाली की कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम. हातमोजे आणि मास्क घालूनच फवारा. गुलकंदाच्या झाडावर यातलं काहीही नको.

एक नुकसान मात्र तसंच राहू द्या. पानांच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे सुबक अर्धगोल दिसतील. ते पान कापणाऱ्या मधमाशीचं काम, ती तुकडे घरट्यासाठी नेते. झाडाला काही होत नाही. मी एकदा तिला पाहिलं, पानाचा हिरवा तुकडा पोटाखाली धरून ती उडत गेली, आणि त्या दिवसापासून फवारणीची बाटली उचलण्याआधी मी भिंग घेऊन पाहते.

बाकीचं वर्ष

फूल कोमेजलं की नुसती मान खुडू नका. खाली येत पाच पर्णिकांचं पहिलं दमदार, बाहेर तोंड असलेलं पान शोधा आणि त्याच्या वर काप घ्या, सहा-सात आठवड्यांत तिथून पुन्हा फूल येतं. फुलदाणीसाठी कळी पहाटे काढा, बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सुटू लागल्यावर.

एप्रिल-मेमध्ये कुंड्यांवर उसाचं पाचट किंवा वाळका पाला दोन इंच पसरा, खत बंद ठेवा, लहान कळ्या खुडून टाका. जूनच्या पहिल्या पावसानंतर रात्री भुंगेरे पानं खातात. बॅटरी घेऊन जा, वेचून साबणाच्या पाण्यात टाका, त्यांच्याच अळ्या म्हणजे हुमणी, त्या पुढे मुळं खातात. त्याच सुमारास वाळकं-रोगट काढण्यापुरती हलकी छाटणी करा. पावसाळाभर कुंड्या एकमेकींपासून लांब, हवा खेळती, तळाची भोकं मोकळी. दर दोन वर्षांनी ऑक्टोबरच्या छाटणीबरोबर झाड कुंडीतून काढून कडेची मुळं दोन बोटं छाटा आणि नव्या मातीत बसवा.

यंदाची माझी सिकेटरं धार लावायला दिली आहेत. तुमच्या जिन्याखाली एखादी कुंडी असेल तर तिची फांदी नखाने किंचित खरवडून पाहा. आत हिरवं दिसलं तर तिला बाहेर उन्हात आणा आणि पाऊस संपायची वाट पाहा.